नागरिकशास्त्राचा खरा तास कुठला?

शाळेत लोकशाही आणि मानवी हक्क शिकवावेत का, हा वाद दर काही वर्षांनी नव्याने पेटतो आणि दर वेळी त्याच जुन्या मुद्द्यांवर विझतो. एका बाजूचे लोक म्हणतात, तास वाढवा, गुण वाढवा, मूलभूत हक्कांवर आणखी एक धडा घाला. दुसरी बाजू म्हणते, शाळेत राजकारण नको. आधी भाषा आणि गणित धड शिकवा, हक्कांचे मोठेपणी बघू. मग पुस्तकात कुठला उतारा आला, कुठला गाळला, कुणाचे चित्र कितव्या पानावर गेले यावर हातघाई होते. वरकरणी ही दोन टोके वाटतात, पण दोघांचेही गृहीतक एकच आहे. नागरिकत्व म्हणजे पुस्तकातून मुलाच्या डोक्यात उतरणारा ऐवज, असे दोघेही धरून चालतात. एकाला तो जास्त हवा असतो, दुसऱ्याला कमी, एवढाच फरक.

हा वाद चुकीच्या जागी चालला आहे, असे माझे मत आहे. शाळा आपल्यावर सत्ता कशी चालवते, यावरून मूल नागरिकत्व शिकते. घरात हुकूम सोडणारा माणूस नात्यातला असतो. त्याचा राग, लाड, पक्षपात सगळे नात्याच्या खात्यात जमा होते. शाळेत मात्र पहिल्यांदाच एक परका माणूस, केवळ पदामुळे, आपल्याला उठ-बस सांगू शकतो. तिथले नियम आपण केलेले नसतात. तिथे आरोप होतो, शिक्षा होते, नोंद राहते आणि दाद कुठे मागायची ते कुणी सांगत नाही. राज्यसंस्थेची बहुतेक सगळी अंगे मूल सहाव्या-सातव्या वर्षीच अनुभवते. त्यांची नावे तेवढी पुढे कधीतरी पाठ करायची असतात. वर्षानुवर्षे, शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत चालणारा हा धडा आणि आठवड्यातून एखाद-दोनदा होणारा नागरिकशास्त्राचा तास यांची दिशा उलटसुलट असेल, तर मूल कुणावर विश्वास ठेवील?

पुस्तकावर भिस्त ठेवण्याचा प्रयोग इतिहासात होऊन गेला आहे, आणि तोही मोठ्या इराद्याने. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत आलेल्या वायमार प्रजासत्ताकाच्या १९१९ च्या संविधानातील कलम १४८ ने नागरिकशास्त्र हा शालेय विषय ठरवला. सक्तीचे शिक्षण पुरे करून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला संविधानाची छापील प्रत द्यावी, असेही त्याच कलमात होते. एखाद्या संविधानाने स्वतःच्या प्रती मुलांना वाटण्याची तरतूद करावी, यापेक्षा छापील शब्दावरचा विश्वास आणखी कोणता? १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ते प्रजासत्ताक कोसळले. आता, ते त्या पुस्तिकेमुळे कोसळले असे म्हणणे खोटेपणाचे होईल. महायुद्धातल्या पराभवाची जखम, चलनाची झालेली माती, १९२९ नंतरची बेकारी ही कारणे कुठल्याही अभ्यासक्रमाच्या आवाक्याबाहेरची होती. पण ती पुस्तिका त्या लोंढ्याच्या आड आली नाही, एवढे तर दिसतेच. शिवाय ज्या शाळांतून ती वाटली जात होती, तिथले कितीतरी शिक्षक आधीच्या कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, राज्यात घडलेले आणि प्रजासत्ताकाविषयी मनात अढी धरून बसलेले होते. पुस्तिकेत एक लिहिलेले होते आणि ती देणाऱ्याच्या चेहऱ्यावर दुसरेच. मुलांना चेहरा आधी वाचता येतो.

जपानचे उदाहरण याहून बोचरे आहे. १८९० मध्ये तिथे सम्राटाच्या नावाने शिक्षणविषयक राजाज्ञा निघाली. शाळाशाळांतून ती समारंभाने वाचली जाई, मुले ती माना लववून ऐकत आणि तोंडपाठ करत. तो मजकूर लहानसा आहे. आईवडिलांचा मान राखा, भावंडांशी मायेने वागा, विद्या मिळवा असे त्यात आहे. आणि संविधानाचा सदैव आदर करा, कायदे पाळा हेही आहे! १८९१ च्या जानेवारीत उचिमुरा कानझो नावाच्या शिक्षकाने सम्राटाची सही असलेल्या प्रतीपुढे पुरेसे खाली वाकायला कुचराई केली. देशभर गहजब झाला आणि त्यांची नोकरी गेली. म्हणजे कागद सांगतो संविधानाचा आदर करा, आणि त्या कागदापुढे सदसद्विवेकाने वागणाऱ्याला शाळेत जागा नाही. ही राजाज्ञा रद्द ठरवायला जपानी संसदेला १९४८ साल उजाडावे लागले. मधल्या काळात ती पाठ करणाऱ्या पिढ्यांतून नागरिक घडले की हुकमाचे ताबेदार, हे वेगळे सांगायला नको. सामूहिक वाचनाला, शपथेला किंवा प्रतिज्ञेला माझा विरोध नाही. ते झाले की शिक्षण झाले, या समजुतीला आहे.

तिसरे उदाहरण देतो, कारण त्यात हक्कांचा धडा, मतस्वातंत्र्याचे व्यासपीठ आणि शांततेचे नोबेल असे सगळेच आहे. पूर्व जर्मनीत नागरिकशास्त्र हा शाळेत शिकवला जाणारा विषय होता आणि त्या देशाचे संविधान मतस्वातंत्र्याची हमी देत होते. पूर्व बर्लिनच्या पांको भागातील एका शाळेला कार्ल फोन ओसिएत्स्की यांचे नाव होते. नाझींनी छळछावणीत डांबलेले हे शांततावादी पत्रकार १९३५ च्या शांतता नोबेलचे मानकरी. १९८८ च्या शरद ऋतूत या शाळेच्या भिंतीवर विद्यार्थ्यांना मते मांडण्यासाठी एक फलक होता. काही विद्यार्थ्यांनी त्यावर शेजारच्या पोलंडमधील आंदोलनाविषयी लिहिले, लष्करी संचलन हवेच कशाला असा प्रश्न विचारला. चौघांना शाळेतून काढून टाकण्यात आले. शांततावाद्याच्या नावाच्या शाळेतून, शांततेविषयी बोलल्याबद्दल! उरलेली मुले त्या दिवसांत नागरिकशास्त्र शिकली नाहीत असे कोण म्हणेल? चांगलीच शिकली. फलक कशासाठी असतो आणि त्यावर काय लिहायचे नसते, हे त्यांना आयुष्यभरासाठी कळले असणार.

माझ्या म्हणण्यावरचा पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की माहितीशिवाय अनुभव आंधळा असतो. कायदा कसा होतो, न्यायालय सरकारपासून वेगळे का ठेवायचे, अटक झालेल्या माणसाला कोणते हक्क असतात, हे ज्याला ठाऊक नाही तो वर्गात कितीही मोकळेपणाने बोलला तरी त्या गप्पाच. हा आक्षेप मला मान्य आहे. घोकंपट्टीला नावे ठेवता ठेवता तथ्यांचीच हेटाळणी करणाऱ्या शिक्षणतज्ज्ञांशी माझे जमत नाही. कलमे, तारखा, संस्थांची रचना हे यायलाच हवे. पण मोकळा वर्ग आणि भक्कम माहिती यांत वैर आहे, हे कुणी ठरवले? १९९९ मध्ये २८ देशांतील चौदा वर्षांच्या सुमारे ९०,००० मुलांची नागरिकत्वविषयक जाण तपासणारा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला. ज्या वर्गांत मुलांना मतभेद व्यक्त करायला मुभा असते असे मुलेच सांगत होती, तिथल्या मुलांचे ज्ञानही जास्त आढळले आणि पुढे मतदान करण्याची तयारीही. हा सहसंबंध आहे, सिद्ध झालेले कारण नव्हे. असे वर्ग चांगल्या शाळांत असतात आणि चांगल्या शाळांत इतरही पुष्कळ गोष्टी चांगल्या असतात. तरी एवढे नक्की म्हणता येईल, की चर्चेने अभ्यास बुडतो या भीतीला आधार मिळालेला नाही.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे आणि ती भीती खरी आहे. नागरिकत्व शिकवण्याच्या नावाखाली सत्ताधारी आपला प्रचार घुसवतील, किंवा शिक्षक आपली मते मुलांच्या गळी उतरवतील. हाँगकाँगमध्ये २०१२ साली सक्तीच्या राष्ट्रीय शिक्षणाविरुद्ध विद्यार्थी आणि पालक रस्त्यावर उतरले ते याच भीतीने, आणि सरकारला सक्ती मागे घ्यावी लागली. पण पुढचा भागही बघा. चालू घडामोडींवर मुलांना दोन्हीकडून विचार करायला लावणारा एक विषय तिथे २००९ पासून होता. २०१९ च्या आंदोलनानंतर सरकारी गोटातून त्याच्यावर खापर फोडले गेले आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा विषय आला. पालकांना भीती वाटते पढवण्याची, राज्यकर्त्यांना विचारले जाण्याची. दोन्ही भित्यांवर एकच औषध सुचवले जाते: वर्गात वादाचे विषयच नकोत. हे औषध फक्त दुसऱ्या भीतीवर चालते. वर्ग गप्प राहिला म्हणून मुलांवर कुणी छाप पाडायचे थांबत नाही. ज्याचा आवाज बाहेर मोठा, त्याला मैदान मोकळे मिळते एवढेच.

याच प्रश्नावर पश्चिम जर्मनीत सत्तरच्या दशकात पक्षापक्षांत कडाक्याची भांडणे झाली. १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख या गावी वेगवेगळ्या राजकीय मतांचे शिक्षणतज्ज्ञ एकत्र बसले. तिथे रीतसर ठराव झाला नाही, मतदान झाले नाही. एका सहभागी अभ्यासकाने समान धागे टिपून ठेवले आणि तेच पुढे प्रमाण मानले गेले. सूत्रे साधी आहेत. विद्यार्थ्याला मताच्या ओझ्याखाली दडपायचे नाही. जे समाजात आणि विद्वानांत वादग्रस्त आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचे. आणि एखाद्या राजकीय परिस्थितीत आपले हित कशात आहे, हे विद्यार्थ्याला स्वतः ओळखता आले पाहिजे. ज्यांनी प्रचारी शाळेचे परिणाम भोगले होते त्यांनी राजकारण शाळेबाहेर काढले नाही, ते आत आणण्याची शिस्त ठरवली. याचा अर्थ प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात असाही नाही. कर किती असावा, पाळत कुठवर ठेवावी, एकाच्या बोलण्याचा हक्क दुसऱ्याच्या सन्मानाशी भिडला तर काय करायचे, हे वादाचे प्रश्न आहेत. अमुक जन्माची माणसे कमी प्रतीची असतात का, हा वादाचा प्रश्न नाही. तो ‘चर्चेला’ ठेवणारा शिक्षक तटस्थ नसतो. त्या वर्गात त्याच जन्माचे मूल बसलेले असते आणि स्वतःच्या माणूसपणावरचे मतदान ऐकत असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत आवडतो, कारण तो करणारे बरेचदा उत्तम शिक्षक असतात. शाळा ही लोकशाही नव्हे, ते म्हणतात. सात आठे छप्पन हे बहुमताने ठरत नाही. अगदी बरोबर. आणि मी पुढे जाऊन म्हणेन, की शाळाशाळांतून भरणारी मुलांची मंत्रिमंडळे हा बहुतेक ठिकाणी फार्सच असतो. अर्ज, प्रचार, मतदान, शपथविधी. मग स्वच्छतामंत्री फळा पुसतो आणि वर्ष संपते. निवडणूक हा एक सोहळा असतो आणि त्याने काही बदलत नाही, हा धडा मुले इथेच गिरवतात. पण लोकशाही म्हणजे केवळ मतदान असे कुणी सांगितले? सत्तेला मर्यादा असणे, तिने कारण देणे, शिक्षेआधी ऐकून घेणे, हे लोकशाहीचे अधिक जुने आणि अधिक टिकाऊ अंग आहे. त्यासाठी शाळेत एकही मतपेटी लागत नाही. १९७५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायोतील निलंबित विद्यार्थ्यांच्या खटल्यात एवढेच सांगितले: दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनालाही विद्यार्थ्याला आरोप कळवला पाहिजे आणि त्याची बाजू ऐकली पाहिजे. निकाल पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने लागला. इतकी साधी गोष्ट इतक्या अटीतटीने ठरावी, यातच शाळेची सत्ता किती निर्विवाद मानली जाते ते दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे कलम १२ हेच व्यापक करून सांगते: मुलाशी संबंधित बाबींत त्याचे म्हणणे मांडण्याची संधी त्याला द्यावी आणि वय व समज पाहून त्याला वजन द्यावे. वजन द्यावे म्हणते, मुकाट्याने मान्य करावे म्हणत नाही.

‘असे केले तर शिस्त राहणार नाही’ हे ज्यांना वाटते, त्यांनी पोलिश शिक्षणतज्ज्ञ यानुश कोरचाक यांच्या वॉर्सातील अनाथालयाकडे बघावे. १९१२ मध्ये सुरू झालेल्या या घरात मुलांचे न्यायालय चाले. न्यायाधीश मुलेच, आणि खटला मोठ्यांवरही भरता येई. त्यांच्या संहितेतली पहिली नव्याण्णव कलमे सोडून देण्याची किंवा क्षमेची. दोष ठरवणारी कलमे शंभरपासून सुरू होत. कोरचाक यांनी स्वतःलाही या न्यायालयापुढे उभे केले, एकदा मुलाच्या कानशिलात मारल्याबद्दल. हे लाडावलेल्या मुलांचे वसतिगृह नव्हते. गरिबीने आणि रस्त्याने शिकवलेली मुले होती ती. संचालकच आरोपी म्हणून उभा राहतो तेव्हा नियम सगळ्यांना लागू असतो हे सांगायला धडा लागत नाही. आणि ‘आधी कर्तव्ये, मग हक्क’ म्हणणाऱ्यांचेही उत्तर इथेच आहे. दुसऱ्याला न्याय देण्याचे काम ज्या मुलाने केले, त्याच्याइतकी कर्तव्याची जाण व्याख्यान ऐकणाऱ्याला कुठून येणार?

बाबासाहेब आंबेडकरांचे ४ नोव्हेंबर १९४८ चे संविधान सभेतले भाषण या संदर्भात हटकून आठवले जाते: संवैधानिक नीतिमत्ता ही उपजत भावना नाही, ती जोपासावी लागते. हे अर्धेच उद्धृत होते, असा माझा अनुभव आहे. त्याच भाषणात त्यांनी ग्रीसचा इतिहास लिहिणारा इंग्रज इतिहासकार ग्रोट याची व्याख्या दिली आहे. संविधानाच्या चौकटीबद्दल परम आदर आणि त्या चौकटीत वागणाऱ्या अधिकाऱ्याची आज्ञा पाळणे, हा तिचा एक भाग. मोकळेपणाने बोलण्याची सवय आणि त्याच अधिकाऱ्यांच्या सार्वजनिक कृत्यांवर निर्भीड टीका, हा दुसरा. दोन्ही एकाच माणसात, एकाच वेळी. आपल्या शाळा पहिला भाग जोपासतात आणि दुसऱ्याला उद्धटपणा म्हणून शिक्षा करतात. उरलेली अर्धी नीतिमत्ता मग अठराव्या वर्षी मतदार ओळखपत्राबरोबर कुठून टपालाने येणार आहे?

या अर्ध्या भागाची किंमत न्यायालयांनी ओळखलेली आहे, आणि तीही अवघड वेळी. १९४० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेत ध्वजवंदनाची सक्ती वैध ठरवली. धर्मश्रद्धेमुळे वंदन न करणाऱ्या यहोवा साक्षीदार पंथाच्या लोकांवर त्यानंतर हल्ले झाले. तीनच वर्षांनी, ऐन महायुद्धात, त्याच न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती जॅक्सन यांचा युक्तिवाद शिक्षणाविषयीचा होता. शाळा नागरिक घडवतात, म्हणूनच तिथे व्यक्तीचे स्वातंत्र्य काटेकोरपणे जपले पाहिजे. नाहीतर शासनाची मोठमोठी तत्त्वे म्हणजे नुसती पोपटपंची, असे मुले शिकतील. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८६ मध्ये केरळमधील याच पंथाच्या तीन भावंडांना शाळेत परत घ्यायला लावले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, फक्त गात नसत. त्यांचे वागणे अनेकांना पटणार नाही, मलाही त्यातली श्रद्धा पटत नाही. पण त्या शाळेतल्या बाकीच्या मुलांनी त्या भावंडांना वर्गात परत येताना पाहिले असेल, तर अल्पमताचा हक्क म्हणजे काय हे त्यांना परीक्षेसाठी वेगळे पाठ करावे लागले नसेल.

राहता राहिला शिक्षक. या वादात त्याच्याकडून सगळ्यांच्या अपेक्षा असतात आणि त्याच्या बाजूने कुणीच नसते. ज्याला शिक्षकांच्या बैठकीत तोंड उघडायची सोय नाही, ज्याची बदली एका तक्रारीवर होऊ शकते, त्याने वर्गात वादग्रस्त प्रश्न मोकळेपणाने हाताळावेत ही अपेक्षा निर्दयी आहे. एका पालकाने भ्रमणध्वनीवर तुकडा ध्वनिमुद्रित करून फिरवला की त्याच्या पाठीशी कोण उभे राहते? इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण कायद्यात पक्षीय प्रचाराला बंदी आहे आणि राजकीय प्रश्न वर्गात आले तर परस्परविरोधी मते समतोलाने मांडावीत असेही आहे. अशी तरतूद शिक्षकाला बांधते तशी वाचवतेही: मी समतोल राखला, हे दाखवता आले की तो सुटतो. नियम संदिग्ध ठेवले की शिक्षक वादाचा विषयच टाळतो, आणि ते त्याच्या भित्रेपणाने नव्हे, शहाणपणाने. तेव्हा अभ्यासक्रम समित्यांनी नव्या धड्यावर जेवढा वेळ घालवला, त्यातला निम्मा तरी शिक्षकाला संरक्षण देणारे दोन स्पष्ट नियम लिहिण्यात घालवावा.

आणि शाळा तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याने हक्कांचा धडा शिकवून झाला का, हे विचारणे काही काळ थांबवावे. त्याऐवजी मुलांना एकट्याने भेटून विचारावे: शेवटची शिक्षा झाली तेव्हा आधी तुझे ऐकून घेतले होते का? तक्रार कुणाकडे करायची हे तुला माहीत आहे का, आणि केलीस तर पुढे काय होते? गेल्या वर्षभरात तुम्ही म्हणालात म्हणून शाळेचा एखादा नियम बदलला का? नसेल बदलला, तर का नाही, हे तुम्हाला कुणी सांगितले?